शुक्रवारची तपासणी

"चक्कर येते" असं कुणी म्हणालं की मी अजूनही पेन खाली ठेवते. चक्कर म्हणजे नेमकं काय? घर गरगरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, की डोकं ठीक असून पाय भलतीकडे पडतात? तिन्हींना आपल्याकडे एकच शब्द, आणि तिन्ही दुखणी अगदी वेगळी. मुंग्यांचंही तेच. बोटांपासून आल्या की कोपरापासून, एका बाजूला की दोन्ही, हे नीट विचारलं तर अर्धं निदान खुर्चीत बसल्या बसल्या होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी पेशंटला जोडे काढायला लावून त्याच्या पायांशी वाकावं लागतं, आणि तिथे बहुतेक डॉक्टर कंटाळतात.

मी कंटाळत नसे. त्याचा मला माज होता. होता म्हणते, कारण पुढे जे सांगणार आहे ते तो कसा उतरला त्याबद्दल आहे.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात, मेंदू आणि नसांच्या वॉर्डात मी दोन वर्षं राबले होते. आमचे सर हाताने तपासल्याशिवाय एक अक्षर कागदावर लिहू देत नसत. ऐंशीच्या दशकात लग्न होऊन भिवंडीत आले आणि इथेच दवाखाना काढायचा म्हटलं, तेव्हा माझ्या बरोबरीच्यांनी नाकं मुरडली. तिथे काय आहे, लूम आणि खड्डे! खोकला, जुलाब, ताप बघत आयुष्य काढशील, म्हणाले. मला कुणी असं म्हटलं की मी हमखास तेच करते. राहतं घर वर, खाली एका खोलीत दवाखाना, आणि दोन्ही बाजूंना लूमचे कारखाने. खडखडाट इतका की टेबलावरच्या पेल्यातलं पाणी दिवसभर थरथरत असायचं. महिन्याभरात मला तो आवाज ऐकू येईनासा झाला. सगळ्यांनाच होतो तसा.

पहिल्याच वर्षी दिघाशीहून एक बाई आली. उजव्या हाताचा पंजा मनगटातून लोंबत होता. "अंगावरून वारं गेलं" म्हणून घरच्यांनी रडारड करून तिला आणलं होतं. मी तिचा चेहरा बघितला, पाय बघितला, कोपर वाकवून, त्यावर रबरी हातोडी मारून बघितलं. सगळं शाबूत. फक्त मनगट उचलेना. मग विचारलं, कशी झोपली होतीस? लेकीच्या बाळंतपणाला गेली होती, इस्पितळातल्या लाकडी खुर्चीत, खुर्चीच्या पाठीवरून हात मागे टाकून पहाटेपर्यंत झोपली होती. दंडाच्या हाडाला वळसा घालून जाणारी नस दाबली गेली होती, बाकी काही नाही. म्हटलं, दोन महिन्यांत हात उठेल. सहा आठवड्यांत उठला आणि ती टोपलीभर वालाच्या शेंगा घेऊन आली. गावभर झालं की बाईच्या हातोडीत जादू आहे. मला ते खोटं आहे हे सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.

त्याच काळात माझं गावातल्या डॉक्टरांशी एका गोष्टीवरून वाजायचं. लाल इंजेक्शन. व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्हचं, रंगाने लालभडक. थकवा आला, कंबर धरली, झोप नाही, उत्साह नाही, काहीही असो, पेशंट बाही वर करायचा आणि डॉक्टर ते ठोकून द्यायचे. ताकदीचं म्हणून लोकही मागून घ्यायचे. मी देत नसे. माझ्याकडे कुणी मागितलं तर त्याला भाषण ऐकावं लागायचं.

हे सगळं आधी सांगितलं, म्हणजे तो माणूस आला तेव्हा मी कशी होते ते कळेल.

तो जॉबर होता. म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. चाळीस-पंचेचाळिशीचा, इथल्याच जुन्या कोकणी मुसलमान घरातला, वीस वर्षं एकाच शेठकडे कामाला. चालू लूमच्या दोन रांगांमधल्या हातभर वाटेने तो डोळे झाकून जाऊ शकतो असं लोक म्हणायचे. आता तो तिथे धडपडायला लागला होता. दोनदा लूमच्या फिरत्या पट्ट्यावर पडता पडता वाचला होता. शेठने सांगितलं होतं की डॉक्टरचं पत्र आण, नाहीतर आत पाय ठेवू नकोस. यात शेठचं काही चुकलं नव्हतं.

"पायाखाली जमीन न्हाय लागत, बाई," तो म्हणाला. "रुईवर चालल्यासारखा वाटतंय. अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडात आठ दिवस पाय बुडवून आलो. काय फरक न्हाय. ता लाल इंजेक्शन देतात, ता एक देऊन टाका."

रुईवर, म्हणजे कापसावर, चालल्यासारखं वाटणं हे पुस्तकातलं लक्षण आहे. पण लूमच्या कारखान्यात जमिनीवर रुईच असते, आणि माझ्या डोक्यात ते वाक्य तसंच गेलं. इंजेक्शनचं ऐकून तर तिडीक गेली. त्याला मी पाच मिनिटं ऐकवलं, कुठेच घेऊ नकोस म्हणून बजावलं. मग तपासलं. पायांत जोर उत्तम. सुई टोचलेली कळत होती. कुंडातलं पाणी कढत लागलं का? लागलं. मग मी ट्यूनिंग फोर्क टेबलावर आपटला आणि त्याच्या घोट्याच्या हाडावर ठेवला. लोक त्याला माझा चिमटा म्हणायचे. तो वाजवून हाडावर ठेवला की चांगल्या नसेला थरथर कळते, आणि पाठीच्या कण्यातून वर जाणारे धागे खराब झाले की सगळ्यात आधी हीच थरथर कळेनाशी होते.

"कापतंय?"

"हाय की."

दुसऱ्या घोट्यावर? हाय. अंगठ्यावर? हाय.

पुढे त्याला पाय जुळवून, डोळे मिटून उभं करायचं होतं. बाहेर पंधरा माणसं खोळंबली होती. थरथर कळतेय म्हटल्यावर मी ते टाळलं. शर्टही वर करून बघितला नाही, कारण तक्रार पायाची होती. कागदावर लिहिलं: नसांच्या तपासणीत दोष आढळला नाही, काम करण्यास हरकत नाही. खाली सही आणि शिक्का.

दोन महिने मी त्याला विसरले. त्या दोन महिन्यांत काय झालं ते मला नंतर समजलं. तो आणखी झोकांड्या खाऊ लागला, संध्याकाळी अंधारून आल्यावर तर फारच. शेठने माझं पत्र चारचौघांत वाचून दाखवलं. डॉक्टरीण म्हणते नसा चांगल्या आहेत, मग हा डुलतो कशाने? उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं: दारू. घरच्यांनी दागिना मोडून त्याला मुंबईला नेलं, डोक्याचा स्कॅन काढला. मोठ्या डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून बघितली, माझं पत्र वाचलं, त्याचे जोडे काढायलाही लावले नाहीत. म्हणाले, डोक्यात काही नाही, दारू बंद करा. ज्याने जन्मात थेंब चाखला नव्हता त्याला दारू बंद करायला सांगितली, आणि तीही माझ्या अक्षराच्या आधाराने.

तो परत आला तो शुक्रवार होता. शुक्रवारी लूम बंद असतात आणि माझा दवाखानाही. दुपारच्या नमाजाच्या वेळी खालून हाका आल्या. दोन माणसांनी त्याला धरून आणलं होतं, अंगावरचे कपडे चिंब. मशिदीच्या हौदावर वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, तोंडावर पाण्याचा हबका मारला आणि तो सरळ पाण्यात गेला. आणणाऱ्यांपैकी एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, मशिदीत पण पिऊन येतो. हद झाली." आणि दोघं निघून गेले.

तो टेबलावर बसला. हात जोडले नाहीत, रडला नाही. रागाने थरथरत होता.

"पाय गेले तर जाऊ देत," तो म्हणाला. "लाकडाचे लावीन. पण बेवडा म्हणून मरायचा न्हाय मला. ता तुमी लिवलंव. तुमी काय ता बघा."

म्हटलं, हौदावर नेमकं काय झालं? डोळे कधी मिटलेस? तोंडावर पाणी मारताना. आणि पडलास कधी? तेव्हाच. डोळे उघडे असताना कधी पडलायस? तो विचार करून म्हणाला, "उजेडात न्हाय."

ज्याच्या पायांना जमीन कळत नाही, तो डोळ्यांनी जमीन धरून चालतो. डोळे मिटले की पडतो. मग तोंड धुताना पडतो, अंधारात पडतो. दारू प्यायलेला दिवसाढवळ्या, डोळे टक्क उघडे ठेवूनही झुलतो. हे मी परीक्षेत लिहिलं होतं.

फोर्क काढला. वाजवला. घोट्यावर ठेवला.

"कापतंय?"

"न्हाय."

गुडघ्यावर? न्हाय. कमरेच्या हाडावर ठेवला तेव्हा कुठे म्हणाला, "हां, इथं हाय." पायाचा अंगठा धरून वर-खाली केला, डोळे मिटून सांग म्हटलं. तो अंदाजाने ठोकत होता. उभं केलं, पाय जुळवले, डोळे मिटायला सांगितले आणि तो माझ्या अंगावर आला. तळव्यावर किल्लीने रेघ ओढली. अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर उठला, म्हणजे बिघाड कण्यात होता. ओला शर्ट त्याने काढून ठेवला होता, म्हणून पोटावरचा उभा वण दिसला. दहा वर्षांपूर्वी अल्सरचं ऑपरेशन झालं होतं, अर्धं पोट कापून काढलं होतं. जीभ बाहेर काढ म्हटलं. जीभ लाल आणि गुळगुळीत होती.

मग सगळं सरळ होतं. पोट कापल्यावर बी-ट्वेल्व्ह अंगात शिरत नाही. साठा असतो तोवर वर्षानुवर्षं काही कळत नाही, तो संपला की पाठीच्या कण्यातले धागे कुजायला लागतात. औषध एकच. तेच लाल इंजेक्शन, जे त्याने दोन महिन्यांपूर्वी स्वतः मागितलं होतं आणि मी नाकारलं होतं. गावातल्या कुठल्याही डॉक्टरने, ज्यांना मी हसत होते त्यांच्यापैकी कुणीही, न तपासता त्याला ते ठोकलं असतं आणि त्याचा रोग नकळत थांबवला असता. हे मी कुणी विचारलं तर आजही सांगते. आणि हेही सांगते की आजसुद्धा मी ते इंजेक्शन बघितल्याशिवाय देत नाही. माझं चुकलं ते अर्धवट तपासण्यात. त्यावर इलाज पूर्ण तपासण्याचा आहे.

पण एक गोष्ट डाचत होती. दोन महिन्यांपूर्वी त्याला थरथर कळत होती, ती खोटी कशी? दोन महिन्यांत ती पार कमरेपर्यंत नाहीशी होणं शक्य नव्हतं. संध्याकाळभर मी त्या तपासणीच्या टेबलाशी बसून होते. खोली निःशब्द होती आणि पेल्यातलं पाणी स्थिर. शुक्रवार होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

शनिवारी सकाळी, दोन्हीकडचे लूम सुरू झाल्यावर, मी त्याला बोलावून त्याच टेबलावर झोपवलं. फोर्क वाजवला नाही. मुका, थंड, तसाच त्याच्या घोट्यावर ठेवला.

"कापतंय?"

"हाय की, बाई."

टेबल कापत होतं, भिंत कापत होती, त्याच्या कमरेला आणि पाठीला ते लागत होतं. वीस वर्षं लूममध्ये काढलेल्या माणसाला थरथर कुठून येते ते वेगळं काढून सांगता येत नव्हतं, आणि तो खरंच बोलत होता. सर ओरडून सांगायचे की एकदा वाजवून ठेवा, एकदा न वाजवता ठेवा, पेशंट काय म्हणतो ते बघा. मुंबईच्या शांत वॉर्डात मला तो वेळेचा अपव्यय वाटायचा. जिथे त्याची सगळ्यात जास्त गरज होती, त्या भिवंडीत मी तो सोडून दिला होता.

इंजेक्शन आदल्या दिवशीच सुरू केलं होतं. रक्ताच्या काचेवर तांबड्या पेशी फुगलेल्या दिसल्या, तेही माझ्या बाजूने लागलं. पुढचं आताच सांगून टाकते. पाय बरेचसे परत आले, पूर्ण आले नाहीत. काठी सुटली, पण अंधारात भिंत धरावी लागे ती कायमची. ते दोन महिने माझ्या डोक्यावर आहेत.

त्या शनिवारी मात्र पाय पुढची गोष्ट होती. त्याचं नाव साफ करायचं होतं. गावातल्या एका वयस्कर डॉक्टरांचा मला फोन आला. बातमी त्यांच्यापर्यंत गेली होती. ते आपुलकीनेच म्हणाले, "अहो, आजार आता उघड झाला असं सांगा. तेव्हा लक्षणं नव्हती म्हणा. कोण विचारणार आहे? स्वतःच्या तोंडाने चूक कबूल केलीत तर उद्या दवाखान्यात कुत्रं फिरकणार नाही." मी म्हटलं, नाही फिरकलं तर नाही. पत्र मी लिहिलं, ते खोटं आहे हेही मीच सांगणार. त्यांनी फोन ठेवला.

त्याला बरोबर घेऊन मी कारखान्यात गेले. शेठ पुढच्या खोलीत बसला होता. मी त्याला सगळं सांगितलं, शेठलाच पाय जुळवून डोळे मिटून उभं केलं, मग जॉबरला केलं. शेठ उभा राहिला, जॉबरला मला धरावं लागलं. शेठचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ठीक आहे मॅडम, मला पटलं. बरा झाला की येऊ दे."

"तुम्ही माझं पत्र सगळ्यांसमोर वाचलंत ना? मग मला आत जाऊन सगळ्यांसमोर सांगू द्या."

"आता? लूम चालू आहेत. बाजूला कोणी बोंबललं तरी ऐकू येत नाही. शुक्रवारी सांगा."

"शुक्रवारी इथे कोण असतं?"

त्यावर त्याने हात उडवले. जा म्हणाला, बोंबला.

आत शिरताना जॉबरने माझा पदर ओढावा तशी माझी बॅग ओढली. कानाशी येऊन म्हणाला, "आवाज नको, बाई. ओठ नीट हलवा. हळू. माणसासमोर उभं राहून." लूमवर वर्षं काढलेली माणसं एकमेकांशी अशीच बोलतात. ऐकण्याचा प्रश्नच नसतो, ती तोंड वाचतात.

मी पहिल्या लूमसमोर उभी राहिले. कारागीर उत्तरेकडचा होता, म्हणून हिंदीत, एक एक शब्द सोडवून ओठ हलवले. मैं डॉक्टर हूँ. मेरी गलती हुई. इसको नस की बीमारी है. यह आदमी पीता नहीं. माझा स्वतःचा आवाज मला ऐकू येत नव्हता. मला लाज वाटत होती आणि तितकाच रागही येत होता, माझा, शेठचा, त्या फिल्म धरून बघणाऱ्या मोठ्या डॉक्टरचा. कारागिराने मान हलवली. मग माझ्या खांद्यावरून मागे बघून जॉबरला ओठांनी काहीतरी विचारलं. त्याने ओठांनीच उत्तर दिलं. पुढच्या लूमसमोर मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यासमोर पुन्हा. चौथ्याला ते आधीच पोचलं होतं. एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर, वाटेपलीकडच्या रांगेतही, ते माझ्यापुढे धावत होतं. मी तरी शेवटपर्यंत गेले. शेवटच्या लूमवरच्या म्हाताऱ्या कारागिराने माझ्याकडे बघितलंही नाही. त्याने जॉबरला सलाम केला.

बाहेर आल्यावर मला वाटलं, झालं. मी घाम पुसत रिक्षा शोधू लागले. तो काठी टेकून तसाच उभा होता.

"घरी पण चला, बाई," तो म्हणाला.

"घरी कशाला? त्यांना तू सांग."

"माज्या तोंडाचं बायको कशी मानील? रोज घरी गेलो का जवळ येऊन तोंड हुंगते. काय बोलत न्हाय. हुंगते आणि जेवायला वाढते."

मी गेले. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ सारवलेली पडवी. त्याच्या बायकोने मला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्याशी बसली. मी तिला सगळं सांगितलं. माझं पत्र चुकीचं होतं, हा कधी प्यायलेला नाही, हा पाठीच्या कण्याचा आजार आहे. तिने मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. मला वाटलं, तिचा विश्वास बसत नाही. म्हणून मी पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लागले.

"मला ठावं हाय ता," ती म्हणाली. "वास कधी आलाच न्हाय. एक दिस न्हाय."

"मग रोज कशाला हुंगत होतात?"

तिने पदराने तोंड दाबलं, मग काढलं आणि माझ्याकडे सरळ बघितलं.

"येऊ दे म्हणून. अल्लाकडे रोज मागायची, आज तरी वास येऊ दे. दारू असती तर सोडवली असती मी."

तो दाराची चौकट धरून उभा होता. हे त्यानेही पहिल्यांदाच ऐकलं.